धाकट्या जावेचे चौदा किलो

सदलग्याच्या जयाबाईंना धाकट्या जावेचं बारीक होणं सोसत नव्हतं. हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं, ठाऊक नव्हतं ते एकट्या जयाबाईंना. "मला काय करायचंय?" त्या म्हणायच्या. "ती बारीक हू दे, न्हायतर वाऱ्यावर उडून जाऊ दे." आणि बोलता बोलता हातातलं पातेलं असं आपटायच्या की परड्यातली म्हैस रवंथ थांबवून बघायची.

आता जाऊ म्हणजे काही आज आलेली नव्हे. रचना या घरात आली ती वीस वर्षांची, काटकुळी. तिला भाकरी थापायला शिकवली जयाबाईंनीच, आणि चहात साखर चमच्यानं घालतात हे विसरायला लावलं तेही त्यांनीच. या घरात साखर मुठीनं पडायची. गूळ तर मोजायचा प्रश्नच नाही, कारण मळ्यात स्वतःचं गुऱ्हाळ. चार वाजले की दोघी जावा सोप्यात पाय पसरून बसायच्या, मधे सुपात शेंगदाणे आणि गुळाचा हा एवढा खडा. गावातल्या एकूण एक सुनांची उणीदुणी निघायची आणि खडा संपायचा. अठरा वर्षांत दोघी अशा सारख्या झाल्या की एकीचं पोलकं दुसरीला चालावं. जयाबाईंचे मालक, मारुतीराव, थट्टेखोर माणूस. एका दिवाळीत त्यांनी दोघींना गुऱ्हाळातल्या काट्यावर उभं केलं. दोघीही अठ्ठ्याहत्तर! "एका कायलीतल्या दोन ढेपा," मारुतीराव म्हणाले, आणि दोघी पदर तोंडाला लावून पोट धरधरून हसल्या.

त्याच दिवाळीनंतर काय झालं कोण जाणे, रचना चारच्या बैठकीला यायची बंद झाली. चहातली साखर आधी निम्मी केली, मग पाव, मग नुसता कोरा चहा. सकाळी उठल्या उठल्या मोडाची मटकी नाहीतर दोन अंडी. संध्याकाळी कॅनॉलपर्यंत चालायला. आणि बरोबर कोण, तर जयाबाईंची लेक ऋतिका! ऋतिका बेळगावात आहाराचं शिकून आलेली, निपाणीच्या एका दवाखान्यात नोकरी करायची, साखरवाल्या पेशंटांनी काय खावं ते सांगायची. वर्षभरात रचना चौसष्टवर आली. चौदा किलो उतरले, तेही सावकाश, महिन्याला किलो-सव्वा किलो, आणि उतरलेलं परत चढलं नाही. पाण्याच्या टाक्यावरच्या बायका तिला अडवून विचारायच्या, "व्हय गं रचना, औषध कंचं घेतीस?" हे कानावर पडलं की जयाबाईंच्या अंगाची लाही लाही व्हायची.

तरी इथपर्यंत सगळं पोटात राहिलं होतं. ते वर आलं तुळशीच्या लग्नानंतर, ऋतिकाची सुपारी फुटली त्या दिवशी.

मुलगा खानापूरचा, सौरव नाव, बेळगावजवळच्या मच्छे गावातल्या कारखान्यात कामाला. चांगली माणसं. सगळं मनासारखं ठरलं. मग मुलाची आई उठली, खण-नारळ हातात घेतला आणि तडक रचनेसमोर जाऊन म्हणाली, "या विहीणबाई, पदर पसरा."

जयाबाई लाडवांचं ताट घेऊन तीन हातांवर उभ्या होत्या.

"अवो न्हाय, न्हाय!" रचनेनं दोन्ही हात मागं घेतले. "मी काकू. आई ह्या." आणि तिनं जयाबाईंना दंडाला धरून पुढं ओढलं. मुलाच्या आईनं जीभ चावली. "चुकलंच बाई माझं! पोरगी सारखी ह्यांच्याकडंच बघत हुती, म्हणून मला वाटलं..." पुढचं हसण्यात बुडालं, कारण मारुतीरावांना गप्प बसवत नाही. "तुमची चूक न्हाय वो," ते म्हणाले. "आमची थोरली ढेप बघून तुमास्नी आजी वाटली आसंल!"

सगळे हसले. जयाबाईही हसल्या, ओटी भरून घेतली, आणि मग भांडी ठेवायच्या खोलीत जाऊन तोंडात पदर कोंबून रडल्या. स्वतःच्या लेकीच्या सुपारीत स्वतःची ओटी जावेच्या पदरात जाता जाता राहिली! आणि कशापायी? तर अंगावरच्या चरबीपायी. हे त्यांनी मनाशी पक्कं केलं. माघात लग्न होतं. लग्नाच्या मांडवात लेकीशेजारी आई म्हणून उभी राहीन ती अशी, की कुणाची बिशाद होणार नाही चुकायची. मग बघू कोण काकू आणि कोण आजी.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी जाहीर केलं, "आजपास्नं साखर बंद."

आणि बंद म्हणजे खरंच बंद! चिमूटभर नाही. साखरेचा डबा उचलून माळ्यावर टाकला. चहा गुळाचा, तोही दिवसातनं पाच वेळा, कारण गूळ काय बाधतो? भाकरीवर काकवी. भूक लागली की गूळ-शेंगदाणे. तोंडाला पाणी सुटलं की चिक्की, पण घरची, गुळाची. या मुलखात उसाच्या फडात जन्मलेल्या माणसाला कुणी सांगून बघावं की गूळ म्हणजे साखरच. मारायला उठेल! साखर कारखान्याची, केमिकलची. गूळ घरचा, औषधासारखा. ऋतिका एकदा चाचरत म्हणालीही, "आई, गूळ बी शेवटी साखरच की गं."

"तुज्या पुस्तकात आसंल," जयाबाई फणकारल्या. "माज्या सासऱ्यानं नव्वद वर्सं गूळ खाल्ला. त्यास्नी काय झालं?"

ऋतिका डबा घेऊन दवाखान्याला निघून गेली. जयाबाईंना वाटलं, जिरवली.

महिना झाला. गुऱ्हाळ सुरू होतं, रसाची कायल उकळत होती, घमघमाट सुटला होता. जयाबाई नव्या नवरीच्या ऐटीत काट्यावर चढल्या. गुळव्या रवळूनं मापं टाकली, काढली, परत टाकली.

"वैनी, एक्क्याऐंशी."

"काटा तपास तुजा."

"काटा बराबर हाय. सकाळधरनं ढेपा मोजतोय न्हवं का."

जयाबाई उतरल्या. रवळूला काहीबाही बोलल्या, ज्यात त्याच्या काट्याचा, त्याच्या हाताचा आणि त्याच्या खानदानाचा उद्धार होता. घराकडं येताना एकच गोष्ट डोक्यात घुमत होती. साखर सोडून मी तीन किलो वाढते आणि ती सटवी चौदा उतरवते, म्हणजे काहीतरी लपवाछपवी आहे. पावडर असणार. निपाणीहून ऋतिका आणून देत असणार. पोटची पोर, आणि औषध आणते चुलतीला!

त्या दिवसापासून जयाबाईंनी पाळत ठेवली. रचनेची ट्रंक उचकटली, उशी चाचपली, पिठाच्या डब्यात हात घालून बघितलं. पावडर सापडली नाही. मग एका रविवारी दुपारी चारला त्यांनी दोघींना परड्याकडं जाताना पाहिलं. जयाबाई कडब्याच्या गंजीआड जाऊन उभ्या राहिल्या. पंचेचाळीस वर्षांची बाई, एक्क्याऐंशी किलोची, गंजीआड! कुणी बघितलं असतं तर लाजेनं मेल्या असत्या.

रचना पायरीवर बसली होती. मांडीवर वाटीत फुटाणे, हातात ताकाचा पेला.

"आज लई वडतंय गं," ती म्हणत होती. "गुऱ्हाळाचा वास नाकात बसलाय. एक खडा, एकच."

"दहा मिनटं थांब काकू," ऋतिका म्हणाली. "फुटाणं खा, ताक पी, आन माज्याशी बोल. वड येती आन जाती. दहा मिनटांनी बी खावंसं वाटलं तर खा, मी न्हाय म्हणणार न्हाय."

बस्स. हेच औषध, हीच पावडर. जयाबाई वळणारच होत्या, पण तेवढ्यात ऋतिकाचा आवाज खाली आला.

"काकू, मला भ्या वाटतंय. तिकडं जंगलाजवळ घर, माणसं नवी. रातचं झोप येत न्हाय मला. सौरव चांगला हाय, पर... भ्याच वाटतंय."

रचनेनं वाटी बाजूला ठेवली, पोरीचं डोकं मांडीवर घेतलं आणि केसांतनं हात फिरवत राहिली. दहा मिनिटं कधीच होऊन गेली होती. गूळ दोघींनाही आठवला नाही.

गंजीआड जयाबाईंच्या काळजाचं पाणी पाणी झालं आणि लगेच त्या पाण्याला उकळी फुटली. लेकीला झोप येत नाही हे आईला माहीत नाही! एका भिंतीपलीकडं झोपते, आणि माहीत नाही! मुलाच्या आईचं ते हसण्यात बुडालेलं वाक्य आता त्यांना अख्खंच्या अख्खं आठवलं. पोरगी सारखी ह्यांच्याकडंच बघत हुती. तिनं रंगरूप बघितलंच नव्हतं, जाड-बारीक बघितलंच नव्हतं. तिनं पोरीची नजर बघितली आणि नजर जिथं जाऊन थांबत होती तिला आई समजली.

"माजी लेक घेतली हिनं," जयाबाई स्वतःशी म्हणाल्या. "पोटी दोन ल्योक हायत हॉस्टेलला, तरी माजी एकुलती एक घेतली."

असं पोटात पेटल्यावर माणूस शहाण्यासारखं वागेल कसं? जयाबाईंनी भांडण काढलं नाही. त्यांनी आपल्याकडचं सगळ्यात गोड हत्यार काढलं.

लग्नाआधी तीन आठवड्यांवर ऋतिकाचं घरचं केळवण होतं. चाळीस-पन्नास माणूस, पुरणपोळीचा बेत, वाड्यासमोरच्या मंडपात बायकांची पंगत. ऋतिका मधोमध पाटावर, रांगोळी, समई, नवी इरकल. शेजारी रचना. रचनेचा नियम घरात सगळ्यांना पाठ होता. सणाला एक पोळी, तूप घालून, बसून, चवीनं खायची आणि हात धुवायचे. चोरून नाही आणि पोटावर मारूनही नाही. ती एक पोळी तिनं खाल्ली आणि पानावर हात आडवा धरला.

जयाबाई पोळ्यांची परात घेऊन समोर उभ्या राहिल्या. "घे."

"बास आक्का. पोट भरलं."

"माज्या लेकीचं केळवण हाय. एका पोळीवर उठतीस व्हय? अपशकुन करतीस?"

पंगत हसली. आग्रहाला बायका हसणारच. रचनेनं हात काढला. दुसरी पोळी पडली, तिच्यावर तूप, तुपावर काकवीची धार. ती संपते न संपते तो तिसरी.

"आक्का, खरंच नगं."

"थोरल्या जावेची आण हाय तुला. टाकलीस तर माजं मढं बघशील."

पन्नास माणसांत, पोरीच्या केळवणात, थोरल्या जावेची आण मोडणारी सून या भागात अजून जन्मायची आहे. रचना खाली मान घालून खात राहिली. चौथीला तिच्या कपाळावर घाम आला. पाचवीला पलीकडची कानडी शेजारीण गंगव्वा न राहवून ओरडली, "साकु जया, साकु! पुरं की!" तशी पंगतीतलं हसणं एकदम थांबलं. जयाबाईंनी सहावी उचलली होती.

रचना पानावरनं उठली, परड्याकडं धावली आणि तिला भडभडून ओकारी झाली. केळवणाची पोरगी पाटावरनं उठू नये म्हणतात. ऋतिका समईला वळसा घालून काकूच्या मागं गेली.

पाहुणे पांगल्यावर ऋतिका स्वैपाकघरात आली. तिचा चेहरा असा पांढराफटक होता की जयाबाईंनी धरलेली सांडशी हातातच राहिली.

"झालं समाधान?" ऋतिका म्हणाली.

"मी काय केलं? आग्रव केला. आग्रवानं कोण मरतंय?"

"आई, मला कळतंय गं. तू का चारलंस ते मला कळतंय. गेल्या वर्सी नवरात्राच्या टायमाला तुजं रक्त तपासलं, ध्येनात हाय? डॉक्टर म्हणालं, साखर काठावर हाय, खाण्यावर लक्ष द्या, वजन उतरवा. मी आठ दिवस बसून वही लिवली. तुला कवा भूक लागती, तुला काय आवडतं, सगळं बघून. दिवाळीच्या पाडव्याला तुज्या हातात दिली. तू काय म्हणालीस?"

जयाबाईंना आठवलं. आठवू नये असं वाटत असतानाच लख्ख आठवलं. सगळे फराळाला बसले होते. 'मी दूध पाजलं तिनं मला जेवाय शिकवावं व्हय?' असं म्हणून त्यांनी वहीवर करंज्यांचं ताट ठेवलं होतं आणि घरभर हशा झाला होता.

"दवाखान्यात लोक रांग लावून मला इचारत्यात," ऋतिका म्हणाली. "आन माजी आई माज्या वहीवर ताट ठेवती. मी परड्यात जाऊन रडाय लागलो. काकू आली. म्हणाली, 'टाकू नगंस वही. मी करतो त्यातलं सगळं. मी बारीक झालेलं बघून तुजी आई येतीय का न्हाय बघ, तिला माज्यापरास मागं ऱ्हायाचं ठाऊक न्हाय.' तुला दावायला झाली ती बारीक, आई. तुज्यासाठनं. वर्सभर वाट बघितली तिनं, कवा तू इचारशील म्हणून."

"मग सांगायचं हुतं..."

"तू इचारलंस कवा?"

चुलीवरचं आधण उकळून उतू गेलं, तसं जयाबाईंनी ते उतरवलं. मग पाठमोऱ्याच त्यांनी विचारलं, "वही कुटं हाय?"

"काकूकडं," ऋतिका म्हणाली. "पायजे तर तिच्याकडनं मागून घे."

घ्या! जिला चार पोळ्या कोंबून ओकायला लावलं, तिच्याच दारात जाऊन हात पसरायचा. दोन दिवस जयाबाईंचं पाऊल उचललं नाही. त्या दोन दिवसांत त्यांनी रचनेला मनातल्या मनात शंभर शिव्या दिल्या, कारण चूक आपली असली की शिव्या जास्त सुचतात. तिसऱ्या दिवशी सकाळी, मारुतीराव मळ्यात आणि रचनेचे मालक विक्रम निपाणीला गेल्यावर, त्या रचनेच्या खोलीच्या दारात उभ्या राहिल्या.

"ती वही दे," त्या म्हणाल्या. माफी मागायची होती, पण तोंडातनं आलं ते असं. "माजी हाय म्हणं ती."

रचना गहू निवडत होती. तिनं वर बघितलं, उठली, फळीवरची वही काढली, पदरानं पुसली आणि जयाबाईंच्या हातात दिली.

"त्या दिवशी मी चुकलो," जयाबाई घाईघाईनं म्हणाल्या आणि उत्तर ऐकायला थांबल्या नाहीत.

भांडी ठेवायच्या खोलीत दार लोटून त्यांनी वही उघडली. मुखपृष्ठावर करंजीच्या तुपाचा वाटोळा डाग. आतल्या पानांच्या कडेला रचनेच्या वाकड्यातिकड्या अक्षरात आठवड्या-आठवड्याचं वजन होतं. पण पहिलं पान ऋतिकाचं होतं, शाळेतल्यासारखं रेघा मारून लिहिलेलं. जयाबाई अक्षर अक्षर लावत वाचू लागल्या.

'आई पाचला उठते आणि अकरापर्यंत फक्त गोड चहा पिते. मग स्वयंपाक करते. सगळ्यांना वाढते. गडीमाणसांना वाढते. स्वतः जेवायला बसेपर्यंत अडीच वाजतात. तोपर्यंत येता-जाता चार-पाच वेळा गुळाचा खडा तोंडात टाकते. सगळे म्हणतात, हिला गोडाचं व्यसन आहे. मी एक महिना बघितलं. ते व्यसन नाही, भूक आहे. आईला गोड सोड म्हणून सांगायचं नाही, ती चिडेल. आईला आधी वाढायचं. सकाळी सातला मटकी नाहीतर अंडी, बाराला जेवण. दुपारी चारला मी तिच्याजवळ बसेन, म्हणजे तिला खडा आठवणार नाही. बाकीचं सगळं हळूहळू.'

महिनाभर पोरगी आपल्याला बघत होती. नजर कुणीकडं गेली नव्हती तिची. आपणच त्या नजरेवर ताट ठेवलं आणि मग ती जिथं जागा मिळाली तिथं जाऊन बसली. जयाबाई त्या पानावर हात ठेवून बसून राहिल्या. डोळ्यांतलं पाणी वहीवर पडू नये म्हणून त्यांनी वही लांब धरली.

बाराच्या सुमाराला मारुतीराव मळ्यातनं आले, हातपाय धुऊन पाटाकडं वळले आणि जागच्या जागी थबकले. त्यांच्या पाटावर जयाबाई बसल्या होत्या. समोर ताट, रिकामं. चोवीस वर्षांत त्यांनी बायकोला आधी बसलेली पाहिली नव्हती.

"बरं न्हाय काय तुला?" त्यांनी विचारलं.

"भूक लागलीया," जयाबाई म्हणाल्या. मग आवाज चढवून त्यांनी हाक मारली, "ऋतिका, मला वाढ गं."

ऋतिका त्या दिवशी रजेवर होती. ती आली, आईकडं बघितलं, भाकरी वाढली, मटकीची उसळ वाढली, काकडीच्या चकत्या ठेवल्या. मग आईसमोरच मांडी घालून बसली, गुडघ्याला गुडघा लावून.

"झोप येत न्हाय म्हणं तुला," जयाबाई हळूच म्हणाल्या. ऋतिकाचे डोळे भरून आले आणि ती बोलायला लागली. खानापूरचं, सौरवचं, त्या नव्या घरातल्या खिडकीबाहेरच्या झाडीचं. जयाबाई जेवत जेवत ऐकत होत्या.

रचना दारात येऊन उभी राहिली होती. हातात फुटाण्यांची वाटी होती, पण ती आत येत नव्हती. ती ऋतिकाच्या पाठीकडं बघत होती, आणि तिच्या तोंडावर जे होतं ते जयाबाईंनी बघता क्षणी ओळखलं. गेले तीन महिने तेच तोंड घेऊन त्या घरभर हिंडत होत्या. आणि खोटं कशाला सांगा, जयाबाईंना बरं वाटलं. दोन घास अगदी मनापासून बरं वाटलं. तिसरा घास मात्र त्यांनी ताटात परत ठेवला.

"उभी काय ऱ्हायलीस गं?" त्या रचनेला म्हणाल्या आणि बाजूला सरकल्या. "ये, बस हिकडं. तुला बी ऐकाय पायजे न्हवं." रचना आली, जयाबाईंना खेटून बसली, आणि ऋतिका दोघींकडं बघत पुढं सांगू लागली. लग्नाला अठरा दिवस उरले होते, आणि त्यानंतर ती दोघींनाही पुरणार नव्हती.